डोमाजी काकांची तपासणी

डोमाजी काका दर सोमवारी सकाळी मरून पाहायचे.

यात माझ्या पदरचं काही नाही. वैनगंगेच्या काठावर बालाघाट नगरपालिकेचा मसणघाट होता. वर टिनाचं शेड, खाली चिता रचायचा ओटा. काका धोतर सावरून त्या ओट्यावर उताणे पडत, हात छातीवर ठेवत आणि डोळे मिटून घेत. एकदा थंडीच्या दाट धुक्यात पलीकडच्या गावचे लोक प्रेत घेऊन आले, तेव्हा ओट्यावरून आवाज आला, "थांबा जरा, माहं झालं नाही." खांदेकरी तिरडी टाकून पळाले. मग ते परत येईपर्यंत त्या बिचाऱ्या मेलेल्याची राखण करत काकाच बसून राहिले.

काका छोट्या लाइनीच्या रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाल्यावर नगरपालिकेत मेंबर झाले, पण डोक्यातली गाडी काही थांबली नव्हती. सभेत ठराव पसंत पडला की गाडी सोडल्यासारखा हात वर करून म्हणायचे, "लाइन क्लियर!"

मी बायकांच्या राखीव जागेवर मेंबर झाले तेव्हा शिवणाच्या क्लासापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. अध्यक्षांनी मला काम शिकवायला काकांच्या हवाली केलं. मला वाटलं, आता नियमांचं पुस्तक उघडतील. काका मला थेट घाटावर घेऊन गेले.

"झोपा, बाई."

"काका! बायका इथं येत तरी असतात का?"

"येत नाहीत, त्याईले आनतात. मंग आधी पाहून ठेवाले काय जाते?"

मी चिडले, पण झोपले. ओटा गारठलेला होता. राखेचा वास पदरात शिरला. टिनाच्या भोकांतून धुकं खाली उतरत होतं. आणि मग माझ्या अगदी कानाशी कुणीतरी सावकाश श्वास घेतला. काका तर लांब पायऱ्यांवर उभे होते.

"काका, इथं कोण आहे?"

"असन कोनी. त्याची तक्रार आयका अन् या."

तक्रार ऐकायला मी थांबलेच नाही. पायऱ्यांवर धापा टाकत बसले तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "रस्ता फुटला त लोकं बोंबलतात. इथला मानूस बोंबलत नाही. मनून साहेब कसा हाय, ते इथूनच दिसते."

साहेब म्हणजे सीएमओ, नगरपालिकेचा सगळा कारभार हाकणारे मुख्य अधिकारी. त्यांच्या कामाबद्दल दर वर्षी मेंबरांचं मत घेऊन अध्यक्ष ते वर पाठवत. बाकीचे मेंबर नळ, दिवे, गटारं यांवर बोलत. काकांचं मत ठरलेलं, "टीन गळते." प्रत्येक साहेबाला ते ओट्यावर झोपायचं आमंत्रण देत आणि प्रत्येक साहेब हसून विषय बदलत असे.

मग सागर शहराकडचे एक तरुण साहेब आले. आमंत्रण मिळताच ते आले, बूट काढले आणि ओट्यावर पडले. इतका वेळ निश्चल पडून राहिले की माझा जीव खालीवर झाला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"दादा, वहाँ कोई और भी लेटा था."

"हौ," काका म्हणाले, "असते."

थोड्याच दिवसांत शेडवर नवं टीन चढलं. साहेब अधूनमधून काकांकडे चहाला येऊ लागले. एकटा राहणारा हा म्हातारा त्या दिवशी दाढी करून, धुतलेली टोपी घालून सकाळपासून दारात बसलेला असे.

मताची सभा आली. मेंबरांचं एकमत झालं तर साहेबांना बढती मिळून ते जबलपूरला जाणार, एकानं जरी खोट काढली तर इथंच राहणार, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी चांगलं म्हटलं. राहिले काका. मी त्यांच्या कानात म्हटलं, "टीन गळते म्हणा, काका. राहतील साहेब."

काकांनी साहेबांकडे पाहिलं. मग हात वर केला.

"टीन गळत नाही," ते म्हणाले. "साहेब चांगला हाय. लाइन क्लियर."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलंच. "काहून असं केलं, काका?"

"मले कोनी नाही, बाई. बेवारस मानसाले नगरपालिकाच जाळते. साहेबच हुकूम देते. मनून हरेक साहेबाले तपासून पाह्यलं. यावेळी वाटलं, याच्या हातून जावं."

"मंग जाऊ काहून दिलं त्याले?"

"पोराची तरक्की अडवू का?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते अजून सांगता येत नाही.

"मी आहे न," मी म्हटलं. "मी देईन तुम्हाले आग. कोन अडवते ते पाहू!"

एरवी मला 'तुम्ही बाई' म्हणणारा तो माणूस मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू भेशीन न, बेटी."

"भेईन," मी म्हटलं. "पन येईन."