विश्वंभरकाकांची रजामंदी

विश्वंभरकाका म्हशीचा फोटो काढायला पाथरीहून पेडगावला गेले आणि फोटो न काढताच परत आले. म्हैस गोठ्यात होती, ऊन चांगलं होतं, मोबाइल चार्ज केलेला होता. पण म्हैस दोघा भावांची सामाईक निघाली आणि धाकटा भाऊ देवगाव फाट्याला कोणाच्या तरी सोयरिकीच्या बैठकीला गेलेला. थोरल्यानं परोपरीनं सांगितलं, "अवं काढा की काका, फोटोनं म्हशीचं काय झिजायलंय?"

काका म्हणाले, "तुमची रजामंदी झाली. पण ती अर्ध्या म्हशीची झाली. अर्ध्या म्हशीचा फोटो घेऊन मी काय करू?"

"मग दुधाच्या अंगाचा अर्धा काढा. तो माझा धरा."

यावर काकांनी खरंच विचार केला, असं त्यांनीच मला सांगितलं. शेवटी ते पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, दोघा भावांना एका बाजेवर बसवून विचारलं, चहा घेतला आणि फोटो काढून आले. तो फोटो मी पाहिला आहे. म्हशीनं ऐन वेळी तोंड फिरवलं आहे. तिला एकटीलाच कोणी विचारलं नव्हतं.

काकांची आणि आमची भिंत एक आहे. ते दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकून होते. जमिनी, घरं, वाटण्या, बक्षीसपत्रं, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलेलं. कोण कोणाला काय देतो, स्वखुशीनं देतो का म्हणजे त्याची रजामंदी आहे का, शेजारी दोन साक्षीदार उभे आहेत का, हे बघण्यात त्यांची नोकरी संपली. काकूंनी घरीच शेवया, कुरडया, पापड करून विकायला सुरुवात केली होती. काकू वारल्या, पण गिऱ्हाइकं होती तशीच राहिली, म्हणून काकांनी काम बंद केलं नाही. गयाबाई, मी आणि अजून दोघी उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर कुरडया घालतो. काका वजन करतात, पाकिटं बांधतात, लांबची पार्सलं पाठवतात.

त्यांची मुलगी संध्या पुण्याला असते. तिनं इंटरनेटवर दुकानाचं पान काढून दिलं आणि सांगितलं, "बाबा, दर आठवड्याला एक लेख टाकत जा. शेवया कशा ठेवाव्या, कुरडईला गहू कोणता घ्यावा, असं काही. लोक वाचतात आणि मग मागवतात."

काकांना लिहायची हौस होतीच, पण हात कचेरीत तयार झालेला. पहिल्या लेखात त्यांनी जेवणाच्या ताटाची चतुःसीमा दिली होती. पूर्वेस लोणचं, दक्षिणेस मीठ, पश्चिमेस तळलेली कुरडई आणि उत्तरेस वाटीभर खीर. संध्यानं ते काढायला लावलं. मला आवडलं होतं.

दुसरा लेख खिरीचा होता. लेखाला फोटो पाहिजे म्हणून काकांनी इंटरनेटवर शोधलं, चांदीच्या वाटीतली, वर केशर टाकलेली खीर सापडली, ती त्यांनी उचलली आणि लावली. सगळेच असं करतात. महिनाभरानं सांगलीहून एका बाईंचा फोन आला. नाव नलिनीताई. त्या शांतपणे म्हणाल्या, "ती वाटी माझी आहे. खीर मी केली, फोटो मी काढला. तुम्ही विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं."

काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला म्हणाले, "सुमनबाई, जन्मभर लोकायचे कागद तपासले. हितं स्वतःच अतिक्रमण करून बसलो." त्यांनी फोटो काढून टाकला आणि नलिनीताईंना माफीचं पत्र लिहिलं. त्यात "सदर वाटी" हा शब्द फार वेळा होता. पत्राबरोबर शेवयांचं पाकीटही पाठवलं. बाईंनी फोन करून हसत सांगितलं, लावा तो फोटो, खाली फक्त माझं नाव घाला. तेव्हापासून नलिनीताईंचा आणि काकांचा अधूनमधून फोन होतो. त्या नवा फोटो काढतात, काका तो मागतात, त्या देतात. बोलणं फोटोवरून निघतं आणि गुडघ्यांवर जातं.

आणि तेव्हापासूनच काकांना हे लागलं. गल्लीत कोणी मोबाइल वर केला की काका विचारणार, "रजामंदी हाय का?" लोक मागून त्यांना रजामंदीकाकाच म्हणतात. काकांना ते माहीत आहे. त्यांची हरकत नाही, पण आधी विचारायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं.

बाजारात साडीचं दुकान असलेल्या बाळूशेठशी त्यांचा वाद झाला, तेव्हा मी मागे उभी होते. बाळूशेठही दुकानाचे लेख टाकतात. पुण्यामुंबईच्या कोणत्याही बाईचा फोटो घ्यायचा आणि खाली लिहायचं, इंटरनेटवरून साभार.

"साभार म्हणजे काय?" काकांनी विचारलं. "कोणाचे आभार? ज्याचं घेतलं त्याला पत्ताच न्हाई. घरात शिरून ताट उचलायचं आन भिंतीवर लिहून यायचं, आभारी आहोत."

"काका, फोटो माझ्या मोबाइलात हाय. म्हणजे माझाच झाला की."

"हा कब्जा झाला. मालकी कुठंय? कुळाच्या ताब्यात रान असतं म्हणून सातबारा त्याचा होतो का?"

"आन समद्या जगानं बघायला ठेवलाय तो?"

"तुमची साडीबी दुकानाबाहेर टांगलेली हाय, बाळूशेठ. नेऊ का?"

बाळूशेठनं साडी आत घेतली.

इंटरनेटवर फुकट वापरायचे फोटोही असतात, हे काकांनीच मला समजावलं. त्याला ते गायरान म्हणतात. कोणी काढून सगळ्यांसाठी सोडून दिलेले, कोणीही न्यावे. पण तिथंही काका बिचकत जातात. "गायरान म्हणून लगेच गुरं घालायची न्हाईत," ते म्हणाले. "काही ठिकाणी मालकाचं नाव लावायच्या अटीवर चारा हाय. काही ठिकाणी घरी खा पण विकायचं न्हाई, असं हाय. आपलं तर दुकान. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचावं लागतं." ते भिंग घेऊन वाचतात. एकदा सगळ्या अटी वाचून झाल्या, फोटो गायरानाचाच निघाला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ती कुरडई नसून सुताची गुंडी आहे.

त्यापेक्षा स्वतःच फोटो काढलेले बरे, असं ठरलं. त्यातून कुरडयांचा प्रकार झाला. चीक शिजला होता, गयाबाईनं सोऱ्या भरायला घेतला, आणि काका मोबाइल घेऊन गच्चीवर आले.

"गयाबाई, तुमच्या हाताचा फोटो पायजे. रजामंदी हाय का?"

"हाय. काढा."

"मनगटापर्यंत का कोपरापर्यंत?"

"खांद्यापर्यंत काढा, पण बिगी करा."

"बांगड्या येत्यात फोटोत. बांगड्या कोणाच्या?"

"माझ्या हातात हायत म्हणल्यावर कोणाच्या असतील?"

"कब्जा तुमचा हाय, ते दिसायलंय मला. घेतल्या कोणी?"

"सुनंनं."

"मग तिला इचारावं लागंल."

सून खाली नळावर होती. तिला हाक मारली. ती हात पुसत वर आली, तिनं होकार दिला, काकांनी मला आणि दुसऱ्या बाईला साक्षीला उभं केलं. मग लेखात हा फोटो किती दिवस राहील, पुढं पाकिटावर छापायचा झाला तर पुन्हा विचारावं लागेल, हे त्यांनी समजावून सांगितलं. तोवर चीक गार झाला. चीक गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा लागतो. गार झाला की कुरडई धरत नाही, तुकडे पडतात. गयाबाईनं सोऱ्या बाजूला ठेवला, पातेल्यात पाहिलं आणि म्हणाली, "घ्या काका. आता रजामंदीच वाळत घाला."

लेखाखाली छापून आलं: फोटो स्वतःचा. हात गयाबाईंचे. बांगड्या सूनबाईंच्या. सर्वांनी राजीखुशीनं दिलं.

या उन्हाळ्यात संध्या आली. म्हशीपायी लेख कसा लांबला, ते तिला कळलं. ती वैतागली. ऐन हंगामात पान रिकामं, लोक दुसरीकडून मागवायला लागलेले. तिनं काकांच्या मोबाइलात काहीतरी घालून दिलं. आपण लिहायचं, आणि ते यंत्र चित्र तयार करून देतं. फोटोसारखंच. आम्ही सगळ्या गच्चीवर गोळा झालो. तिनं लिहिलं, गच्चीवर कुरडया करणारी आजी. आजी आली. गोरीपान, भरजरी लुगडं, सगळे दात जागेवर.

गयाबाईनं निरखून पाहिलं. "हिला सहा बोटं हायत. तरीच हसू सुचायलंय कामात."

संध्यानं पुन्हा लिहिलं. दुसरी आजी आली, ती मात्र चांगली होती. बोटंही बरोबर.

"कोणाची हाय ही बाई?" काकांनी विचारलं.

"कोणाचीच नाही, बाबा. अशी बाई नाहीच कुठे. मालक नाही, फोटो काढणारा नाही. कोणाला विचारायचंच नाही."

"कोणालाच?"

"कोणालाच. सुटलात तुम्ही."

"सोय चांगली हाय," काका म्हणाले. त्यांनी मोबाइल बाजेवर पालथा ठेवला.

लेख वेळेवर निघू लागले. मोदकपात्रातून वाफ निघावी तसे नेमानं, संध्या फोनवर म्हणाली. चित्रं छानच असत. काका सकाळी लिहीत, यंत्राला चित्र मागत, लावत, आणि दिवस मोकळा. पूर्वी ते पिशवी घेऊन निघत. ज्वारीच्या कणसासाठी कोणाच्या रानात, पितळी परातीसाठी कोणाच्या घरी, आणि परत येताना पिशवीत कोणीतरी दिलेल्या शेंगा असत. आता चपला दाराशी तशाच. भिंत एक असल्यामुळे मला टीव्ही ऐकू येतो. तो सकाळी लागे तो लागलेलाच असे. सांगलीहून नलिनीताईंचा फोन आला, तोही ऐकू आला. काका म्हणाले, "न्हाई, आता लागत न्हाई फोटो. सोय झाली." मग, "बरं, ठेवतो."

गयाबाई पेडगावकडचीच. तिनं एक दिवस पाकिटं भरताना काढलं, "म्हशीवाले इचारायलते, काका कामून येईनात?"

"आता काय काम हाय माझं तिथं?"

"काम असल्यावरच जात्यात व्हय माणसं?"

काकांनी पुढचं पाकीट तराजूत ठेवलं. "मी तर तसाच गेलो जन्मभर," ते म्हणाले. "कचेरीत माणूस यायचा, सही झाली की जायचा. बिनकामाचं कसं जायचं, ते हिला यायचं."

हिला म्हणजे काकूंना. काकू होत्या तेव्हा गल्लीतलं येणंजाणं सगळं त्यांचं. भाजी द्यायला त्या येत. डबा परत न्यायला काका येत, दाराबाहेर उभे राहून डबा घेत आणि जात. इतक्या वर्षांत ते आमच्याकडे बसलेले मला आठवत नाहीत. मीही कधी बसा म्हटलं नाही. मला बोलणं सुचत नाही आणि ते थांबत नसत, त्यामुळे दोघांचंही भागत होतं.

परवा दुपारी दार वाजलं. काका होते. नेहमीसारखे पायरीच्या खाली उभे, हातात मोबाइल.

"सुमनबाई, हा फोटो मी स्वतः काढलाय. गच्चीवरचा. लेखाला लावावा म्हणतो. पण यात तुमचं काही येतंय का, तेवढं बघा. आलं असंल तर रजामंदी लागंल."

मी फोटो पाहिला. बाजेवर शेवया वाळत घातलेल्या होत्या. बाज त्यांची. खाली अंथरलेलं काकूंचं जुनं लुगडं. शेवया त्यांच्या. मागे त्यांचाच कठडा, त्यांचीच पाण्याची टाकी, आणि वर आभाळ. माझं त्यात काहीही नव्हतं. माणसाचा हात नव्हता, बोट नव्हतं. चतुःसीमा लिहिण्यात ज्याची उभी नोकरी सरली, त्याला हे दिसलं नसेल असं नाही.

मी फोटो मोठा करून पाहिला. काका बघत होते, माझ्याकडे नाही, उंबऱ्याकडे.

"असं उभ्या उभ्या नाही कळायचं, काका," मी म्हणाले. "नीट बघावं लागेल. तुम्ही आत बसा, मी चहा ठेवते."

"घाई न्हाई," विश्वंभरकाका म्हणाले, आणि त्यांनी चपला काढल्या.