अप्पांच्या लॉटरीतला माझा हिस्सा

आमच्या शेजारच्या अप्पांनी मला आजवर कितीदा लखपती केलं आणि कितीदा भिकेला लावलं, ते महाकालच जाणे. लॉटरी अजून लागायचीय, पण बक्षिसाचं वाटप रोज सकाळी ओट्यावर चालू असतं. परवा गरम पोहे नेऊन दिले, तर मला दहा लाख मिळाले. पोह्यांवर शेव नाही हे लक्षात आलं, तसे लगेच दोन कापले गेले.

"देख भिया," अप्पा म्हणतात, "पैसा काय, येतो-जातो. लोकांची नियत तर कळते!"

अप्पा बँकेतून रिटायर झालेले. काकू गेल्यापासून आमच्या नानाखेडा वस्तीतल्या त्या घरात एकटेच असतात. बक्षिसात चार आणे हिस्सा महाकालाचा.

"त्यानं हो म्हटलं?" मी विचारलं.

"नाही तरी कुठे म्हणाला?"

बरं, आमच्या मध्य प्रदेशात लॉटरी बंद. म्हणजे तिकीट महाराष्ट्रातूनच यायला हवं. ते आणायचं काम मंदारचं. मंदार हा अप्पांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला नोकरीला. मी एकदा सहज म्हटलं, "माझा मेहुणा येतोय पुण्याहून, त्याच्याकडे द्यायला सांगा ना."

अप्पा भडकलेच. "लक्ष्मी पोराच्या हातानंच घरात यायला पाहिजे! मेहुणे काय, जेवायला येतात." माझे उरलेले आठ लाखही गेले.

तिकीट आलं की बाप-लेक राम घाटावर. तिकिटाला क्षिप्रेत डुबकी! पहिल्या खेपेला नंबरच धुऊन निघाला, तर अप्पा घाटावरच्या पंडितजींवरच उखडले, "पाप धोने को बोला था, नंबर नहीं!" तेव्हापासून तिकीट प्लॅस्टिकच्या पन्नीत बसून अंघोळ करतं.

एवढ्या पैशांचं करणार काय? टावर चौकात ऑफिस काढणार. कसलं, ते अजून ठरलेलं नाही.

"कसलं का असेना! मंदारची खुर्ची तिथं लागली पाहिजे. इथे नोकरी नाही म्हणून गेला ना? मग नोकरीच विकत घेऊन ठेवतो." हे बोलताना मात्र अप्पा हसत नाहीत.

गेल्या महिन्यात मंदार आला. रजा मिळेना म्हणून येणं दोन-तीनदा पुढे ढकललं होतं बिचाऱ्यानं. अप्पा पहाटेच बस स्टँडवर जाऊन उभे. मग काय विचारता! दाल-बाफल्यांचं जेवण काय, घाट काय, अप्पांचा आवाज पार आमच्या स्वयंपाकघरापर्यंत. दोन दिवसांनी मंदार परत गेला आणि घर पुन्हा गप्प झालं.

संध्याकाळी मी डोकावलो. तिकीट देवापुढे ठेवलेलं. सहज उचलून तारीख वाचली आणि चाटच पडलो. फोनवर निकाल काढून पाहिला.

"अहो अप्पा, याची सोडत मंदार यायच्या आधीच होऊन गेली की! आणि लागलेलं काहीच नाही. एवढा शिकलेला मुलगा, तारीख बघता येत नाही? थांबा, फोनच लावतो त्याला."

अप्पांनी माझ्या हातातला फोन काढूनच घेतला.

"मला स्टँडवरच दिसली होती तारीख," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

अप्पांनी तिकीट हळूच परत देवापुढे ठेवलं.

"बोललो असतो, तर पुढच्या वेळी त्यानं वेळेवर कुरिअर केलं असतं."