पूर्वरंगातच वीज गेली

रविवारी सकाळी संगणकाच्या पडद्यावर एक चौकट उघडली आणि तिने उमाकांतांना विचारलं, नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? विमा कंपनीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला समोर आलेला कागद निकाली काढल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी 'हो' दाबलं.

दुपारी तीनपर्यंत संगणक काहीबाही उतरवून घेत होता. मग तो ते बसवू लागला आणि निम्म्यावर आला असेल नसेल, तोच जयपूरच्या मानसरोवर वसाहतीतली वीज गेली. कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात आणि मग आख्यान उभं राहतं. या संगणकाने पूर्वरंगातच मान टाकली. वीज परत आली, कूलर घरघरू लागला, पण पडदा काळा तो काळाच. त्यावर दोन ओळी पांढरी अक्षरं.

"तुम्ही ते 'हो' दाबलंत कशाला?" उमाकांतांच्या पत्नी विभाताई म्हणाल्या.

"त्याने विचारलं."

"विचारेल तो! दारावरचा चादरवालासुद्धा विचारतो. त्याला म्हणता का हो?"

उमाकांतांनी घड्याळाकडे पाहिलं. रविवारी चार वाजता मिरजेच्या जनार्दनबुवांचं सुदामचरित्र ऐकायचं, हा त्यांचा नेम. बुवा गेले, मूळ कॅसेट टेपरेकॉर्डरने चघळून टाकली. आता जे काय होतं ते या खोक्यात. आणि खरं सांगायचं तर त्यांचा जीव आख्यानातल्या एकाच जागी अडकलेला असे. ती जागा त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

खोक्यात लिनक्स नावाची प्रणाली घातली होती मुलाने, अमेयने. व्हायरस येत नाही म्हणाला, आणि बंगळूरला निघून गेला. त्याचा रविवारचा फोन दोन मिनिटांचा. "जेवलो, बरं आहे, मीटिंग आहे." रविवारी कसली मीटिंग, हे विचारायची सोय नव्हती.

उमाकांतांनी त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बाबा, टेन्शन नका घेऊ. मतलब, अपग्रेड अर्धवट राहिलंय. ते पूर्ण करू."

"आणि बुवा?"

"फाईल बहुतेक असेल."

"बहुतेक?" उमाकांत खुर्चीत मागे टेकले.

"बघू ना. लॉगिन विचारतोय? तुमचं नाव टाका. आता पासवर्ड."

"पासवर्ड? रोज तर आपोआप उघडतो!"

"मी तसा ठेवला होता. आता मागेल." अमेयने आवाज खाली आणला. "बाबा, तुमच्याजवळ कोणी आहे?"

"तुझी आई आहे."

"ठीक. पण हसू नका. एम, ई, आर, ए. पुढे पी, ओ, एच, ए."

उमाकांत एकेक अक्षर शोधून दाबू लागले. पडद्यावर काहीच उमटेना.

"अरे, कळफलकही गेला! काही दिसत नाही."

"पासवर्ड दिसत नसतो, बाबा. दिसत नाही म्हणून तो नाही असं नाही. तुम्ही टाकत राहा."

एवढं तत्त्वज्ञान पोराने कुठून उचललं, असं उमाकांतांच्या मनात आलं. शेवटच्या 'ए'वर मात्र त्यांचं बोट थबकलं. मेरा पोहा!

वीस वर्षांपूर्वी सुट्टीत मिरजेला गेले असताना हेच आख्यान रंगलं होतं. सुदामा काखेत पोह्यांची पुरचुंडी मारून द्वारकेला निघालाय, मंडप डोळे पुसतोय, आणि चार वर्षांचा, जयपुरात वाढलेला अमेय उभा राहून बुवांना खणखणीत विचारता झाला होता. तीच ती जागा.

"ही जागा तुला कशी ठाऊक?"

"कॅसेट उतरवताना दीड तास मीच बसलो होतो ना तिथे."

हे उमाकांतांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मग अमेयने दुरुस्तीचा हुकूम अक्षर अक्षर सांगितला. "आता डॅश. अजून एक डॅश."

"दोन उणे? त्यांचं अधिक नाही ना होणार?"

"नाही हो बाबा! एंटर दाबा."

पडद्यावर अक्षरं धावू लागली. चाळीस मिनिटं धावत होती, आणि अमेयला फोन ठेवता येईना. खोलीत आणखी कोण राहतं, भाजीत नारळ किती घालतात, केस का गळतात, सगळं निघालं. वर्षभरात एवढं बोलणं झालं नव्हतं. संगणक पुन्हा सुरू झाला. फाईल जागेवर होती, पण आवाज नव्हता.

"कोपऱ्यात भोंग्याचं चित्र आहे, त्यावर फुली असेल. ती काढा."

फुली निघाली. झांज वाजली. उमाकांतांनी थेट ती जागा काढली. बुवांचा दाटलेला स्वर आला आणि त्याला कापत एक चिमुकला आवाज, "भैया, मेरा पोहा कहाँ है?"

मंडप हसला. "अरे, आधी द्वारका तर येऊ दे!" बुवा म्हणाले.

विभाताईंनी पुढे होऊन फोन उचलला.

"तुझे पोहे इथे आहेत, मानसरोवरात. ये, म्हणजे मिळतील."

"दिवाळीला बघतो, आई." अमेय म्हणाला. "ठेवू? मीटिंग आहे."

दिवाळीला अजून सहा महिने होते. बुवांनी सुदाम्याला द्वारकेतून निरोप दिला, आख्यान संपलं, आणि घरात नुसता कूलर वाजत राहिला. तेवढ्यात पडद्यावर पुन्हा ती चौकट उघडली. आणखी चौदा सुधारणा आल्या आहेत, घ्यायच्या का?

उमाकांतांनी माउसवरून हात चटकन मागे घेतला आणि बायकोकडे पाहिलं.

विभाताईंनी फोन पदराने पुसून संगणकाशेजारी नीट ठेवला.

"बघता काय?" त्या म्हणाल्या. "दाबा की."