क्ष काढून थांबलेले सर

"अहो, हे काय करून बसलात!" न्हाणीघराच्या दारातच बायको किंचाळली.

गणिताच्या सरांनी आरशात पाहिलं. भांगाच्या उजवीकडे काळंकुट्ट, डावीकडे पांढरंशुभ्र! तासाभरात शाळेत त्यांचा निरोप समारंभ. तिथं काढलेला फोटो सभागृहात कायमचा लागणार, तोही शास्त्राच्या सरांशेजारी. त्या गृहस्थाचे केस फोटोत मेले भलतेच काळेभोर होते, म्हणून तर हा सगळा उपद्व्याप.

"बघत काय बसलात? उरलेला रंग लावा की!"

"एवढाच झाला गं."

"एवढाच कसा? मी नुसत्या अंदाजानं कालवते, तरी कमरेपर्यंत पुरतो."

"अंदाजपंचे कारभार मला चालत नाही," सर ताठ झाले. "डब्यावर लिहिलंय, पावडर नि पाणी दोनास पाच, एकूण एकशे चाळीस ग्रॅम. म्हणजे सात क्ष बरोबर एकशे चाळीस. क्ष आला वीस. मग वीस पावडर घेतली, वीस पाणी..."

"आणि बाकीची पावडर?"

"जास्तीची भरलीय असं वाटलं. ओतून दिली."

बायकोनं कपाळावर हात मारला. तेव्हा कुठे सरांना आपली चूक उमगली. "क्ष म्हणजे उत्तर नव्हे, गाढवांनो! पुढे गुणा!" असं ओरडण्यात त्यांची उभी हयात गेली होती. क्षवर थांबणाऱ्याला सरळ भोपळा. पालक येऊन रडले तरी बरोबर आलेल्या पायऱ्यांचे मार्क द्यायचे नाहीत, हा त्यांचा खाक्या.

दुकानं अजून उघडायची होती. सर कानटोपी घालूनच शाळेत गेले.

फोटोग्राफर त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. "सर, टोपी काढा."

"राहू दे रे."

"कायमचा फोटो आहे, सर."

सरांनी टोपी काढली. फोटोग्राफरच्या हातून कॅमेरा निसटता निसटता राहिला. "अरे बापरे! सर, हे काय झालं?"

खोटं बोलणं सरांना जमेना. "रंगाचं प्रमाण काढत होतो. क्ष काढला आणि थांबलो."

"तुम्ही?" फोटोग्राफरचा आ वासला तो मिटेचना. "सर, याच चुकीला नववीत मला भोपळा दिलात. वर्ष गेलं माझं."

सरांची मान खाली गेली. "आता तू काय शिक्षा देशील ती दे, बाबा."

फोटोग्राफरनं त्या डोक्याभोवती एक फेरी मारली. मग पुढे येऊन त्यानं सरांची खुर्ची हळूच डावीकडे वळवली. "असं आडवं बसा. फक्त उजवी बाजू दिसू दे."

"म्हणजे?"

"अर्धं तर बरोबर आलंय ना, सर? मी पायऱ्यांचे मार्क देतो."