बांगड्याची मधली तुकडी

"नूपुरच्या साखरपुड्याला मी तिचा बापच दिसणार! पुन्हा कोणी आजोबा म्हणून दाखवावंच मला!" वसंतरावांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं.

जखम ताजी होती. आदल्याच रविवारी नूपुरची होणारी सासरची मंडळी माहीमहून चिंचपोकळीला बोलणी करायला आली होती. वसंतरावांच्या पत्नी मीनाक्षीबाई सगळा वेळ आत चहापाण्यातच अडकल्या होत्या. मुलाची आत्या जाईबाई उंबरठ्यावरूनच म्हणाल्या, "अरे, आधी आजोबांना खुर्ची द्या!" वसंतरावांनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त भिंत होती.

तसे वसंतराव पंचावन्नचेच. पण ऑफिसातल्या कोणीतरी 'तेल म्हणजे विष' असं सांगितल्यापासून त्यांनी घरातून तेल, तूप, खोबरं हद्दपार केलं होतं. मालवणी घरात खोबरं बंद! तळता येत नाही म्हणून मासळीही बंद. नूपुर ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवून सुटायची. मीनाक्षीबाई मात्र नवऱ्याबरोबर तेच पाणचट गिळत होत्या, कारण दोघांसाठी दोन भाज्या कोण करत बसणार?

परळच्या डॉक्टरांनी वसंतरावांचे कोरडे ठणठणीत गाल पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"सगळंच तेल बंद करायला कोणी सांगितलं?"

"आमच्या स्टोअरकीपरनं."

"मग त्यालाच दाखवायचा चेहरा! अहो, कातडीत ओलावा टिकायला चांगली चरबी पोटात जावी लागते. बांगडा, तारली, अक्रोड, जवस, शेंगदाणे खा. दोन-तीन महिने धीर धरा."

"आणि भजी?"

"भजी नव्हे!"

साखरपुडा दिवाळीनंतर होता. वसंतराव पेटले. श्रावणात मासळी नाही, म्हणून जवसाची चटणी आणि अक्रोड सुरू झाले. अक्रोडांचा डबा त्यांच्या कपड्यांच्या कपाटात, कुलुपात.

"एखादा मला पण द्या की," मीनाक्षीबाई एकदा म्हणाल्या.

"अगो, औषध आहे ते! औषध कधी वाटून खातात?"

गणपती गेले आणि घरात बांगडा आला. मीनाक्षीबाईंनी सवयीप्रमाणे वाढलं. लुसलुशीत मधली तुकडी नवऱ्याला, डोकं आणि शेपटी स्वतःला. त्यांच्या आईनंही असंच वाढलं होतं, सासूनंही. वसंतरावांनी हळूच शेपटीकडेही नजर टाकली.

"ती खाणार आहेस का?"

मीनाक्षीबाईंनी शेपटीही दिली. साखरपुड्याची सगळी खरेदी, हलवायाकडच्या फेऱ्या, पाहुण्यांचे फोन त्याच सांभाळत होत्या. बऱ्याचदा नुसत्या कढीभातावर त्यांचं जेवण उरकायचं.

औषध मात्र लागू पडलं! गालांवरचा पांढरा कोंडा गेला, कपाळ तुळतुळीत झालं. वसंतराव येताजाता आरशासमोर थांबू लागले. "बाबा, मला पावडर लावायची आहे, सरका ना!" नूपुर ओरडायची. बापाला तेही गोड वाटायचं.

साखरपुड्याच्या दिवशी ते नवा झब्बा घालून हॉलच्या दारातच उभे राहिले. माहीमची मंडळी आली. पुढे जाईबाई. वसंतरावांनी हनुवटी उचलली.

"अगंबाई, वसंतराव! ओळखलंच नाही मी! काय तजेला आलाय चेहऱ्यावर! मुलीचे वडील शोभता बरं का अगदी!"

वसंतराव हवेत तरंगू लागले. तेवढ्यात आतून पेढ्यांचं ताट घेऊन मीनाक्षीबाई लगबगीनं आल्या. सुकलेले ओठ, ओढलेले गाल. जाईबाईंनी चटकन त्यांच्या हातातलं ताट घेतलं आणि भाच्याला हाक मारली.

"अरे, या आजींना आधी खुर्ची द्या!"

मीनाक्षीबाईंनी नवऱ्याच्या तुळतुळीत कपाळाकडे पाहिलं. शांतपणे खुर्चीवर बसल्या आणि समारंभ संपेपर्यंत उठल्या नाहीत. पेढे वसंतरावांनीच वाटले, पाणीही त्यांनीच फिरवलं. मनातून त्यांना फार लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी अक्रोडांचा डबा आपोआप जेवणाच्या टेबलावर आला. बांगडाही आला. मीनाक्षीबाईंनी मधली तुकडी स्वतःच्या ताटात घेतली, शेपटीही घेतली आणि निवांत जेवायला बसल्या. लग्न वैशाखात आहे, तोवर हीच वाढणी राहील असं त्यांनी सांगून टाकलंय.

वसंतरावांची तक्रार नाही. फक्त बांगड्याच्या डोक्यात कितपत चरबी असते, तेवढं ते डॉक्टरांना विचारून येणार आहेत.