खात्री करून घेणारे भरमूअण्णा

माझ्या लग्नाची पत्रिका मी भरमूअण्णांना मोबाईलवर पाठवली, तर लगेच त्यांचा फोन.

"लगीन तुझंच हाय न्हवं?"

"व्हय अण्णा. नाव वाचलं न्हाय काय?"

"नाव कुणीबी टाकतंय रं. आवाज ऐकला, आता खरं."

अण्णा आणि मी बेळगावच्या एका कंपनीत जोडीनं काम करतो. मी सॉफ्टवेअर दाखवतो, ते विमा विकतात. सॉफ्टवेअर एखाद्या धंद्याचे कॉम्प्युटर, पासवर्ड, पैसे पाठवायची पद्धत हे सगळं तपासतं आणि धोका कुठं आहे ते लाल, पिवळ्या, हिरव्या दिव्यांनी सांगतं. पुढे कुणी ऑनलाइन गंडा घातलाच, तर नुकसान विम्यातून मिळतं. मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. पहिल्याच गिऱ्हाइकासमोर इंग्रजी शब्दांना माझी जीभ अडखळली, तेव्हा अण्णा कानात म्हणाले, "त्यालाबी येत न्हाय. बिनधास्त बोल." ते वाक्य मला आजही पुरतं आहे.

अण्णांना एका जागी बसवत नाही. मालक खुर्ची पुढे करेपर्यंत ते खोलीला फेरी मारून, कीबोर्ड उलटा करून, त्याखाली चिकटवलेला पासवर्ड मोठ्यानं वाचून मोकळे. "लक्ष्मी एक दोन तीन! वा! चोराला दारबी उघडा आणि चहाबी पाजा." स्वतःचा चहा उभ्यानंच. निपाणीच्या बसमध्ये जागा मिळाली तरी बेळगावलगतचं काकती मागं पडेपर्यंत उठलेच. "बसलं की डोस्कं थांबतंय," म्हणतात.

पण त्यांचा खरा ध्यास एकच. पैसे पाठवा, खातं बदललंय, असा निरोप आला, की ओळखीच्या नंबरवर फोन करून, आवाज ऐकून खात्री करायची. विम्याची अटच तशी आहे. आणि आमच्या भागात हीच अट सगळ्यात अवघड. इथं थोरल्याला उलट विचारत नाहीत. मालकाच्या नावानं निरोप आला, की कारकून आधी मान डोलावतो, मग पैसे पाठवतो. अण्णा अशा कारकुनांच्या मानगुटीवर बसून ओरडतात, "इच्यार की रं! त्यो काय खातोय काय तुला?"

निपाणीत आप्पासाहेबांची तंबाखूची वखार आहे. तिथं हिशेब बघते शोभाआक्का. घरात मिळवणारी ती एकटीच. आमच्या सॉफ्टवेअरनं परीक्षा म्हणून मालकाच्या नावाचा खोटा निरोप पाठवला, तेव्हा आक्का बिचारी पैसे पाठवायच्या तयारीतच होती. दिवा लाल. अण्णांनी तिला समोर उभं करून शिकवलं. मालकानं आणि तिनं मिळून एक प्रश्न ठरवायचा, त्याचं उत्तर दोघांनाच ठाऊक. आक्का लाजत शिकली.

मग आप्पासाहेबांच्या मुलीचा साखरपुडा आला. त्या दिवशी त्यांच्या नावानं आक्काला निरोप आला, अमक्या नव्या खात्यात पैसे पाठव. आक्कानं फोन केला. उचलला नाही. तिनं मांडवातल्या त्यांच्या पुतण्याला फोन लावला आणि मालकांना बोलवायला लावलं. पुतण्यानं फोन स्पीकरवर धरला. व्याही, पाहुणे, भटजी सगळे ऐकत असताना आक्का म्हणाली, "आप्पासाहेब, तुमीच हाय न्हवं? मग तुमाला शिंग मारल्याली म्हस कंची, सांगा बघू."

निरोप खरंच त्यांचा होता. मांडव हसला. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी आक्काला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

आक्काचा फोन आला तेव्हा अण्णांचा चहा हातात तसाच राहिला. "मी शिकीवलं तिला," एवढंच म्हणाले. आम्ही मिळेल ती बस धरली. निपाणीपर्यंत ते उभेच होते.

आप्पासाहेब तापलेलेच होते. "चार पाव्हण्यांत माझी म्हस काढली तिनं!"

"म्हस तुमीच ठरवली हुती," अण्णा म्हणाले.

"माझ्यावर इस्वास न्हाय तिचा?"

"तुमच्यावर हाय. निरोपावर न्हाय."

"ते काय बी असंल. माझ्याच पगारावर मलाच इच्यारती?"

अण्णा वखारीत येरझाऱ्या घालत होते. एकदम थांबले. आवाज उतरला. "आप्पासाहेब, मी थोरल्या भावाच्या दुकानात हिशेब बघत हुतो. हितंच, निपाणीत. त्याच्या नावानं निरोप आला. थोरल्याला कसं इच्यारायचं? पाठवलं पैसं. निरोप चोराचा हुता. भाऊ एक शब्द बोलला न्हाय. तवापासनं बोललाच न्हाय. मी बेळगाव धरलं. शोभाआक्काला शिव्या द्या, पगार कापा. पर इच्यारणारं माणूस घालवू नका. लई मिळत न्हाईत."

आप्पासाहेबांनी तंबाखूचा एक गठ्ठा उगाच सरळ केला. मग पुतण्याकडे वळून खेकसले, "आक्काला फोन लाव. येताना पेढं आण म्हणावं, साखरपुड्याचं तिला मिळालं न्हाईत."

पेढे तिनंच आणायचे, हे काही मला पटलं नाही. पण नोकरी राहिली.

बसस्टँडकडे जाताना अण्णा वाट सोडून एका गल्लीत शिरले. समोर गूळ-मिरचीचं दुकान. रस्त्याच्या पलीकडेच ते थांबले. "गुळाची एक ढेप आण. माझं नाव घेऊ नकोस."

गादीवर पांढऱ्या टोपीतले म्हातारे गृहस्थ होते. ढेप कागदात बांधता बांधता त्यांनी माझ्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. पैसे पुढे केले, तर घेतले नाहीत.

"त्याला उनात कशाला हुबा केलाईस? चहा ठेवाय सांगतो."

मी रस्ता ओलांडून अण्णांना सांगितलं. ते दुकानाकडे न बघता म्हणाले, "खोकत हुता काय रं? थंडीत लई खोकतोय."

"न्हाय अण्णा. चांगले हायत."

"व्हय?" त्यांनी घड्याळ पाहिलं, बसस्टँडकडे पाहिलं. "बस जाईल की आपली."

"दुसरी मिळंल," मी म्हणालो.

अण्णांनी शर्टाच्या बाह्या खाली ओढून बटणं लावली, रस्ता ओलांडला, आणि दुकानाच्या पायरीशी चपला काढल्या.