पहाडगंजच्या सोफ्याची मोहीम

श्रीग्रंथदेवता समर्थ. इंद्रप्रस्थ ऊर्फ दिल्ली प्रांती, पहाडगंज मुक्कामी महाराष्ट्रीयांचे ग्रंथालय. तेथे सन दोन हजार पंचविसाचे जूनमासी सोफ्यानिमित्त जे घनघोर वर्तले, ते पुढील पिढ्यांनी विसरू नये, सबब यथास्थित लिहिले असे.

ग्रंथालयाचा शिरस्ता ऐसा, की जे जोडपे नवे येईल त्याने रेक्झिनचे सोफ्यावर बसून परस्परांचे नाव उखाण्यात घ्यावे, मग चिवडा-कॉफी पावावी, आणि तेथून ते घरचे मानावे. फरीदाबादकर राजश्री सिद्धांतराव व राजश्री अनिशराव, उभयता संगणकाचे चाकर, एका घरी नांदत असता कैक साले येथे येत. आणि शांतारामपंत चिटणीस, सरकारी सेवेतून निवृत्त परंतु चिटणिशीतून कदापि नव्हे, त्यांची ओळख 'रूममेट' म्हणोन देत. हे अनिशरावांचे जिव्हारी लागे.

तशात कार्यवाह रुचिताबाईंनी मसलत केली, की प्राइड महिन्यानिमित्त समलिंगी, तृतीयपंथी, सर्वांस खुले ऐसे वाचन मांडावे आणि या उभयतांस सोफा द्यावा. पंतांनी उजर केला, की सोफ्याचा पाय अधू. सुतार आणविला. मग उजर, की आधी वधूने नाव घ्यावे, तर येथे आधी कोण? या सवालावर बैठकांवर बैठका जाहल्या, आणि समोसे खलास जाहले, परंतु निवाडा होईना. अखेर कार्यक्रमाचे दिवशी पंत भरदुपारीच सोफा काबीज करून, वर्तमानपत्राची ढाल धरून बैसले.

मग पंतांचे कुटुंब कुमुदबाई, मुदपाकाच्या सुभेदार, त्यांनी चिवड्याचे डब्यावर हात ठेवून फर्मान काढिले, की नाव घेतल्याविना कोणास दाणा नाही, खासा पंतांसही नाही. आणि ज्यास भूक अधिक त्याने आधी घ्यावे. सभेत हाहाकार उडाला. पंतांचे पोट गुरगुरले, ते मागल्या रांगेस ऐकू गेले.

अनिशराव उठले. खणखणीत बोलिले:

"मेट्रोत उभं राहून राहून पाय आले भरून,
सिद्धांतचं नाव घेतो, काका, उठा सोफ्यावरून."

सिद्धांतरावांचे डोळे भरले. पंत अंमळ बैसले, मग उठले, आणि रुमालाने सोफा झाडिला. उभयता बसताच सोफ्याचा पाय मोडला, सबब पंतांचा उजर खरा होता हेही नमूद असावे.

इतक्यात दारी नवे पाहुणे आले, तयांस पंत म्हणाले, "अच्छा, या या. हा अनिश, आणि हा त्याच्या घरचा, सिद्धांत."

येणेप्रमाणे सोफा फत्ते जाहला, आणि 'रूममेट' हा शब्द त्या दिवसापासून ग्रंथालयातून बरखास्त असे.